मोजणी, निचरा आणि माघार : भूमिगत खाणींतील घातक वायूंचा आढावा

गोंदिया स्थानकातून एक लोहमार्ग उत्तरेला बालाघाटकडे जातो आणि दुसरा दक्षिणेला वडसा, नागभीडवरून चांदा फोर्ट, बल्लारशाहकडे. उत्तरेच्या वाटेवर मँगनीज आहे, दक्षिणेच्या वाटेवर कोळसा. पश्चिमेला तुमसर तालुक्यात चिखला इथे भूमिगत मँगनीज खाण आहे आणि त्यापुढे नागपूर जिल्ह्यात सिल्लेवाडा, सावनेर इथल्या कोळशाच्या भूमिगत खाणी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा स्वतः मात्र धानाचा आणि तलावांचा. त्याच्या हद्दीत कोळशाची भूमिगत खाण नाही. तरीही तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रामुळे हा जिल्हा कोळशाशी रोजचा बांधलेला आहे. खाणीतल्या हवेचा प्रश्न म्हणूनच इथल्या वाचकाला परका नाही. शेवटी तो त्याच्या स्वतःच्या विहिरीपर्यंत कसा येऊन पोचतो, तेही या लेखात पाहायचे आहे.

देशाच्या कोळसा उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा आज पाच टक्क्यांहून कमी आहे. बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. म्हणून भूमिगत खाणीतल्या वायूचा विषय मागे पडल्यासारखा वाटतो. पण खुल्या खाणी गावे, शेती आणि जंगल गिळतात, आणि जमिनीलगतचा कोळसा कधीतरी संपणारच. केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २०३० पर्यंत भूमिगत उत्पादन वर्षाला १० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. माणसे पुन्हा मोठ्या संख्येने जमिनीखाली जाणार असतील, तर तिथल्या हवेविषयी आपल्याला काय ठाऊक आहे आणि त्यातले किती पाळले जाते, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

माझे म्हणणे असे, की वायू ओळखण्याची विद्या जुनी आहे आणि पुरेशी आहे. तो काढून टाकण्याच्या पद्धतीही ठाऊक आहेत. माणसे दगावतात ती मोजलेला आकडा आणि त्यावरची कृती यांच्यात पडलेल्या अंतरामुळे. शिवाय ही विद्या खाणीच्या फाटकाबाहेर पोचलेली नाही, त्यामुळेही.

शत्रू एक नाही

खाणीतला ‘गॅस’ असे आपण सरसकट म्हणतो, पण प्रत्येक वायूची चाल वेगळी असते. मिथेन कोळशाच्या थरातच अडकलेला असतो. कोळसा तोडला की तो सुटतो. हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्याने तो छताला जाऊन बसतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो विषारीही नाही. पण हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, की एक ठिणगी पुरते. साडेनऊ टक्क्यांच्या आसपास स्फोट सर्वांत भीषण होतो.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. तो तळाशी, उताराच्या टोकाला, जुन्या सोडून दिलेल्या गॅलरीत साचतो. कोळसा, लाकूड आणि खडकातली खनिजे हवेतला ऑक्सिजन शोषून घेतात, तेव्हा उरते ती नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची जड, निर्जीव हवा. अशा हवेत शिरलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीव व्हायला वेळही मिळत नाही. पाय लटपटतात आणि तो जागीच बसतो.

कार्बन मोनॉक्साइड या सगळ्यांत कपटी. कोळसा अपुऱ्या हवेत तापला किंवा धुमसला की तो तयार होतो. त्याचे वजन हवेइतकेच, म्हणून तो सगळीकडे सारखा मिसळतो. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. नुसता ०.१ टक्का वायू असलेल्या हवेत दीड-दोन तास काढले तरी जीव धोक्यात येतो, आणि एक टक्का असेल तर काही मिनिटे पुरतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणून धोका टळला असे समजणारा माणूस त्याला बळी पडतो. सुरुंगानंतर निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड फुप्फुसाला इजा करतात, आणि तिचा परिणाम कधी कधी काही तासांनी, कामगार घरी पोचल्यावर दिसतो.

या यादीवरून एक गोष्ट ठरते. कोणतेही एक उपकरण पुरणार नाही, आणि एकाच जागी घेतलेले मोजमापही पुरणार नाही. मिथेन छताशी शोधावा लागतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी, आणि मोनॉक्साइड वापरलेली हवा बाहेर पडते त्या परतीच्या वाटेवर.

ज्योत, पक्षी आणि तापलेला मणी

इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण गेले. त्यानंतरच्या खटपटीतून १८१५ मध्ये हंफ्री डेव्हीचा सुरक्षा दिवा आला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली ज्वाला बाहेरच्या वायूला पेटवू शकत नाही. त्या दिव्याने पुढे आणखी मोठे काम केले. वात बारीक केली, की मिथेन असल्यास ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते. टोपी जितकी उंच, तितका वायू अधिक. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की दिवा विझतो. उजेड, मिथेनची मोजणी आणि ऑक्सिजनचा इशारा ही तिन्ही कामे एक दिवा करी. भारतीय खाणीत सिरदार आणि ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे अधिकारी, होण्यासाठी गॅस टेस्टिंगचे प्रमाणपत्र लागते. पिढ्यान्‌पिढ्या या लोकांनी हीच निळी टोपी ओळखायला शिकून ते मिळवले.

पण या दिव्याला सव्वा टक्क्याखालचा मिथेन नीट दिसत नाही आणि मोनॉक्साइड तर मुळीच कळत नाही. त्यासाठी पक्षी आले. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात स्फोटात मेलेल्या खाणकामगारांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले, की त्यांतले बहुतेक भाजून गेलेले नव्हते, मोनॉक्साइडने गेलेले होते. लहान प्राण्यांचे श्वसन जलद असते, त्यांना विष आधी बाधते, म्हणून पक्षी जवळ ठेवा असे त्याने सुचवले. ब्रिटनमध्ये कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत या कामावर होते. आपल्याकडे तेच काम मुनियांनी केले.

आजचे मेथॅनोमीटर बहुधा तापलेल्या मण्यावर चालते. प्लॅटिनमच्या तारेवर उत्प्रेरकाचा मणी बसवलेला असतो. त्याच्यावर मिथेन जळतो, तार तापते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि आकडा दिसतो. ही रचना स्वस्त आणि मजबूत आहे, पण तिच्या मर्यादा वापरणाऱ्याला ठाऊक असल्याच पाहिजेत. मिथेन जळायला ऑक्सिजन लागतो. म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या जुन्या पोकळीत हेच उपकरण खोटा, दिलासा देणारा आकडा दाखवू शकते. सिलिकॉन असलेल्या वंगणाची वाफ लागली तर मणी निकामी होतो. ठरावीक मुदतीने ज्ञात प्रमाणाच्या वायूवर त्याची तपासणी झाली नाही, तर त्याच्या आकड्याला किंमत नाही. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या संवेदकाला ऑक्सिजनची गरज नसते, म्हणून अशा जागी तो अधिक भरवशाचा. मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन यांसाठी विद्युत-रासायनिक संवेदक वापरतात. त्यांचे आयुष्य मर्यादित असते आणि ते वेळेवर बदलावे लागतात.

याच्या वरची पायरी म्हणजे सतत चालणारी देखरेख. खाणीत जागोजागी संवेदक बसवून त्यांचे आकडे जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात आणायचे, किंवा लांब नळ्यांतून हवाच वर ओढून गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासायची. सिरदार दिवसातून काही वेळा हवा तपासतो, पण वायू त्याच्या फेरीची वाट पाहत नाही. सतत देखरेखीचे मोल इथे आहे.

निचरा : हवेचा रस्ता

वायू काढून टाकण्याचा पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे हवा. खाणीला किमान दोन तोंडे असतात. एकातून ताजी हवा आत जाते, दुसऱ्यावर बसवलेला मुख्य पंखा वापरलेली हवा ओढून बाहेर टाकतो. मधल्या सगळ्या गॅलऱ्यांतून हवा कुठून कशी फिरावी हे स्टॉपिंगच्या भिंती, दरवाजे आणि एअर क्रॉसिंग ठरवतात. जिथे कोळसा तोडला जातो त्या तोंडापर्यंत हवा नेण्यासाठी कापडी ब्रॅटिस किंवा छोटा सहायक पंखा लावतात. घराच्या एकाच खिडकीतून जसा वारा खेळत नाही, तसे एकाच तोंडाच्या बोगद्यात हवा खेळत नाही. जगातल्या अनेक दुर्घटनांमागे हाच अर्धवट, आंधळा बोगदा सापडतो.

भारतात याचे आकडे कायद्याने ठरलेले आहेत. कोळसा खाण नियमावलीनुसार (१९५७ ची नियमावली जाऊन २०१७ ची आली, पण हे आकडे जुनेच) सर्वांत मोठ्या पाळीतल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या प्रत्येक टन उत्पादनामागे मिनिटाला २.५ घनमीटर हवा, यांपैकी जे अधिक असेल तितकी हवा प्रत्येक विभागात पोचली पाहिजे. ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर. परतीच्या हवेत ज्वालाग्राही वायू ०.७५ टक्क्यापेक्षा अधिक नको आणि खाणीत कुठेही १.२५ टक्क्यापेक्षा अधिक नको. तो आकडा ओलांडला की वीज बंद करायची आणि माणसे बाहेर काढायची. स्फोटाची खालची मर्यादा पाच टक्के आहे, म्हणजे कायद्याने चौपट अंतर राखले आहे. हे अंतर म्हणजे माणसांना चालत सुरक्षित जागी पोचायला दिलेला वेळ आहे. उत्पादनासाठी त्यातून उसनवारी करायला कायद्यात जागा नाही.

वायूच्या प्रमाणानुसार कोळशाच्या थरांचे तीन वर्ग पडतात. एका टनामागे एक घनमीटरपर्यंत वायू सुटतो आणि हवेत तो ०.१ टक्क्याहून अधिक नसतो, तो पहिला वर्ग. एक ते दहा घनमीटर हा दुसरा आणि दहाच्या वर तिसरा. झरिया, राणीगंजच्या खोल खाणींत तिसऱ्या वर्गाचे थर भेटतात. अशा ठिकाणी नुसता पंखा पुरत नाही. कोळसा काढण्याआधीच थरात लांब भोके पाडून मिथेन ओढून घ्यावा लागतो. धनबादजवळच्या मुनीडीह खाणीत असा वायू काढून वापरण्याचा प्रयोग झाला आहे. मिथेन इंधन आहे, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करणारा वायूही आहे. म्हणून तो हवेत सोडण्याऐवजी जाळून वीज करणे दुहेरी हिताचे आहे.

काम संपलेल्या पोकळीला खाणीच्या भाषेत गोफ म्हणतात. वायूचे ते कोठारच. हवेचा दाब उतरला, म्हणजे वादळी किंवा पावसाळी दिवशी, ही पोकळी श्वास सोडते आणि तिच्यातली वाईट हवा कामाच्या जागी येते. म्हणून बॅरोमीटर हेही खाण सुरक्षेचे उपकरण आहे. पोकळी वाळूने किंवा राखेने भरून टाकली, तर वायूला साचायला जागाच उरत नाही आणि छतही टिकते. वीज केंद्रांच्या राखेचे डोंगर ज्या विदर्भात उभे आहेत, तिथे या पर्यायाचा विचार अधिक नेटाने व्हायला हवा.

विदर्भाचा कोळसा : मिथेन कमी, आग फार

वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या नागपूर, चंद्रपूर, वणी भागातल्या भूमिगत खाणी बहुतांशी पहिल्या वर्गात मोडतात. हे ऐकून निश्चिंत व्हावेसे वाटते, आणि धोका तिथेच सुरू होतो. वर्धा खोऱ्याचा कोळसा ओलसर आणि अधिक बाष्पनशील घटक असलेला आहे. हवा लागली की तो ऑक्सिजन शोषतो, तापतो आणि पुढे आपोआप पेटतो. त्यातच इथला मुख्य थर खूप जाड, अनेक ठिकाणी पंधरा मीटरच्या आसपास. त्यातला काही भाग काढला जातो आणि उरलेला छताला किंवा तळाशी राहतो. छत पेलायला सोडलेले कोळशाचे खांब काढल्यावर तो कोळसा चुरा होऊन गोफमध्ये पडतो. चुरा, थोडीशी झिरपती हवा आणि वेळ एवढे आगीला पुरते.

त्यामुळे विदर्भातल्या खाणीत खरा पहारा मोनॉक्साइडवर ठेवायचा असतो. धूर दिसण्याच्या किंवा वास येण्याच्या कितीतरी आधी परतीच्या हवेत त्याचे प्रमाण वाढू लागते. पण नुसता त्याचा आकडा फसवतो, कारण हवा वाढवली की तो पातळ होतो. म्हणून ग्रॅहम गुणोत्तर वापरतात. कोळशाने जितका ऑक्सिजन खाल्ला, त्याच्या मानाने मोनॉक्साइड किती टक्के तयार झाला, हे ते सांगते. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर ठीक, एकच्या वर गेले की कोळसा तापतो आहे, आणि दोन-तीनच्या पुढे आग जवळ आली असे समजतात. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्यांचा कल महत्त्वाचा, म्हणून नमुन्यांची वही नियमित भरलेली हवी.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी आखणीची. कोळसा पेटायला जितका काळ लागतो त्याच्या आत खांब काढून संपतील, एवढाच विभाग आखायचा आणि तो बंद करण्याच्या भिंतींची तयारी आधीच करून ठेवायची. दुसरी पायरी भिंत बांधून विभाग सील करण्याची. ती सर्वांत धोक्याची, कारण बंद केलेल्या जागेत मिथेन वाढत असतो, ऑक्सिजन अजून पुरेसा संपलेला नसतो आणि आत कुठेतरी निखारा असतो. काही काळ ते मिश्रण स्फोटाच्या टप्प्यातून जाते. म्हणून भिंत पूर्ण होताच सगळ्यांनी खाणीबाहेर यायचे आणि आतली हवा निवळल्याची खात्री होईपर्यंत परतायचे नाही. तिसरी पायरी नायट्रोजन सोडून आतली हवा निष्क्रिय करण्याची. ६ मे २०१० रोजी छत्तीसगडमधल्या अंजन हिल खाणीत झालेल्या स्फोटात चौदा जण गेले. आग लागलेली खाण हाताळायला अनुभवी माणसांनाही किती कमी अवसर असतो, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

मँगनीजच्या खाणी : सुरुंगानंतरची हवा

भरवेलीची बालाघाट खाण, उकवा, चिखला, गुमगाव, कांद्री या मॉइल या मँगनीज कंपनीच्या भूमिगत खाणींत कोळसा नाही. मिथेनचा प्रश्न तिथे उरत नाही, म्हणून त्यांचे नियमही वेगळे, १९६१ च्या धातुखाण नियमावलीचे. पण तिथेही सुरुंग उडतो. स्फोटकांतून मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. स्फोटक ओले झालेले असेल किंवा त्यातल्या इंधनाचे प्रमाण चुकलेले असेल, तर ते अधिक निघतात. फोडलेल्या खनिजाच्या ढिगात हा वायू अडकून राहतो आणि ढीग उपसताना पुन्हा सुटतो. म्हणून सुरुंगानंतर ठरलेला वेळ जाऊ देणे, ढिगावर पाणी मारणे आणि आत जाण्याआधी हवा मोजणे ही तीन कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. घड्याळाकडे पाहून आत गेलेला माणूस त्या दिवशी सहायक पंखा बंद होता हे कसे जाणणार?

खाण जशी खोल जाते, तशी उष्णता वाढते आणि डिझेलवर चालणारी यंत्रे हवेत आपली भर घालतात. बालाघाटला नवा खोल उभा शाफ्ट उभारला जात आहे. तिथे वायुवीजनाची आखणी शाफ्टच्या बरोबरीने झाली पाहिजे. आधी उत्पादन आणि मग हवा, हा क्रम चालणार नाही.

अपघात काय सांगतात

१९ फेब्रुवारी १९५८ रोजी पश्चिम बंगालमधल्या चिनाकुरीत वायूच्या स्फोटात सुमारे १७५ जण गेले. २८ मे १९६५ ला धोरी खाणीत २६८. तिथे कोळशाच्या धुळीने स्फोट पसरवला आणि साध्या दगडाच्या भुकटीचा थर धुळीवर का हवा, हे देशाला कळले. २५ जानेवारी १९९४ ला न्यू केंदा खाणीत आग लागली आणि ५५ जण धुराने, मोनॉक्साइडने गुदमरले. ६ सप्टेंबर २००६ ला झारखंडच्या भाटडीहमध्ये स्फोटाने ५० जणांचा बळी घेतला. या ठिकाणी वायू ओळखण्याचे शास्त्र उपलब्ध होते. डेव्हीच्या दिव्याला तर चिनाकुरीच्या वेळीच जवळपास दीडशे वर्षे झाली होती.

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीची चौकशी याबाबत सर्वांत बोलकी आहे. १९ नोव्हेंबर २०१० च्या स्फोटात तिथे २९ जण गेले. खाण नवी होती, संवेदक होते, नोंदी होत्या. शाही आयोगाला आढळले, की स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला पोचल्याच्या २१ नोंदी झाल्या होत्या आणि त्याहून कमी पण धोकादायक पातळीच्या आणखी २७. आकडे लिहिले गेले, पण कोळसा निघत राहिला. २०१४ मध्ये तुर्कस्तानातल्या सोमा खाणीत आगीच्या मोनॉक्साइडने ३०१ जणांचा जीव घेतला. तिथेही प्रश्न यंत्राच्या अभावापेक्षा व्यवस्थेच्या कानांचा होता.

यातून निघणारा धडा तंत्रज्ञांनी आणि व्यवस्थापनाने मनावर घेतला पाहिजे. ज्याच्या हातात मीटर आहे त्याच्याच हातात काम थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारता कामा नये. भारतीय नियम हा अधिकार देतात. सव्वा टक्का दिसला की माणसे बाहेर काढणे हे सिरदाराचे कर्तव्य आहे, त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण उत्पादनाचे लक्ष्य, कंत्राटी मजुराची असुरक्षित नोकरी आणि ‘एवढ्याने काही होत नाही’ ही सवय या अधिकाराला रोज थोडा थोडा कुरतडते. नवा संवेदक विकत घेणे सोपे आहे. सिरदाराचा शब्द मोडला जाणार नाही अशी शिस्त उभी करायला वर्षे लागतात, आणि ती वरून खाली यावी लागते.

शेवटचा आधार म्हणून कामगाराच्या कमरेला सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे सुटकेपुरते श्वसन उपकरण, असतो. जुन्या गाळणीच्या प्रकारात मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड होते, पण हवेत ऑक्सिजनच नसेल तर तो कामाचा नाही. नवा रासायनिक प्रकार स्वतः ऑक्सिजन तयार करतो. तो काही सेकंदांत, अंधारात, घाबरलेल्या हातांनी लावता यायला हवा, म्हणून त्याचा सराव पुन्हा पुन्हा व्हायला हवा. आणि बचाव दल, ज्याची प्रशिक्षित माणसे बंद श्वसन यंत्र पाठीवर घेऊन आत जातात, एक नियम कधी मोडत नाही : हवा मोजल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि मागे राखीव तुकडी असल्याशिवाय पहिली तुकडी आत शिरत नाही.

फाटकाबाहेरची खाण

हाच नियम गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी हवा आहे, कारण जमिनीखाली जाणारा माणूस फक्त खाणीत नसतो. बांधीच्या कडेची जुनी विहीर, पंप बसवलेला खोल खड्डा, गोबर गॅसची टाकी, शौचालयाची टाकी या सगळ्या छोट्या खाणीच आहेत. झाकलेल्या, न वापरलेल्या विहिरीत पालापाचोळा सडतो, मातीतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो आणि तळाशी साचतो. पावसाळ्यात, दाब उतरल्यावर तो अधिक येतो. विहिरीत उतरवलेला डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप मोनॉक्साइड भरतो. वायू तेच, नियम तेच, पण इथे सिरदार नाही आणि मीटरही नाही.

९ एप्रिल २०२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात वाकडी गावी, शेणाचा काला साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढताना एकामागून एक पाच जण गेले. ३ एप्रिल २०२५ ला मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यातल्या कोंडावतला गणगौरच्या विसर्जनासाठी विहीर साफ करताना आठ जण दगावले. अशा प्रत्येक घटनेची साखळी एकच असते. पहिला उतरतो आणि कोसळतो, दुसरा त्याला वाचवायला उतरतो, मग तिसरा. वाचवायला गेलेल्यांची माणुसकी मोठी होती. तिला थोड्या ज्ञानाची जोड मिळाली असती, तर त्यांतले बहुतेक आज घरी असते.

विहिरीत दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत डेव्हीच्या दिव्याशी नाते सांगणारी आहे आणि ती अगदीच निरुपयोगी नाही. दिवा विझला तर उतरायचे नाही, हे नक्की. पण दिवा जळत राहिला म्हणून उतरावे असे मात्र नाही. मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दिव्याला कळत नाहीत, आणि गोबर गॅसच्या टाकीत तर दिवा नेणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. उतरणाऱ्याला दोरी बांधलेली हवी, म्हणजे तो कोसळला तर वरून ओढता येईल आणि दुसऱ्याला उतरावे लागणार नाही. पंख्याने किंवा ब्लोअरने हवा तळापर्यंत नेलेली हवी, नुसते तोंड उघडे ठेवून भागत नाही. शौचालयाच्या टाकीत तर माणूस उतरवूच नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय त्यात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आहे.

काय व्हायला हवे

चार वायू एकाच वेळी मोजणारे हातात मावणारे मीटर खाणीत रोज वापरले जाते. ऑक्सिजन, मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वालाग्राही वायू ते एकत्र दाखवते. गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांच्या ठिकाणी असे मीटर, एक ब्लोअर, तिपाई, दोरी आणि श्वसन यंत्र असलेली पेटी ठेवणे जिल्हा प्रशासनाच्या आवाक्यातले आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला असते. ती पोचेपर्यंत विहिरीतल्या माणसाची वेळ संपलेली असते, म्हणून साधने जवळ हवीत. ती चालवायला शिकवणारी माणसेही दूर नाहीत. नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्सचे बचाव केंद्र आहे, मॉइलचे मुख्यालय आहे, खाण सुरक्षा महासंचालनालयाचे कार्यालय आहे. जुन्या भूमिगत खाणी बंद होत असताना निवृत्त होणारे सिरदार आणि ओव्हरमन ही तर या प्रदेशाची मोठी शिदोरी आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांनी ग्रामपंचायतीत, पंप दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना आणि गावातल्या तरुणांना एक दिवस शिकवले, तर खर्च थोडा आणि फळ मोठे.

खाणींच्या आत काय हवे, तेही स्पष्ट आहे. पहिल्या वर्गाच्या थरांतही मोनॉक्साइडची अखंड देखरेख हवी. संवेदकांची तपासणी कागदावर उरता कामा नये. कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतकेच प्रशिक्षण आणि तोच सेल्फ रेस्क्यूअर मिळाला पाहिजे. वायूच्या नोंदी कामगारांच्या सुरक्षा समितीला दर आठवड्याला दाखवल्या गेल्या पाहिजेत, कारण ज्याचा जीव त्या हवेवर आहे त्याला तिचा आकडा कळण्याचा पहिला हक्क आहे. आणि भूमिगत उत्पादन वाढवण्याच्या प्रत्येक योजनेत वायुवीजनाचा आराखडा आधी मंजूर व्हावा, उत्पादनाचे लक्ष्य त्यानंतर ठरावे.

खाण असो की विहीर, तीन गोष्टींचा क्रम बदलत नाही. आधी मोजायचे, मग हवा खेळवायची, मग पुन्हा मोजायचे. आणि आकडा चुकीच्या बाजूला असेल तर परत फिरायचे. असे परत फिरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये आणि त्याची मजुरी कोणी कापू नये. एवढी हमी कोळसा कंपन्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांनी दिली, तर दोनशे वर्षांत जमवलेली ही विद्या पहिल्यांदा पूर्णपणे माणसाच्या कामी येईल.